विश्लेषण : आधी हत्यारे, मग गाडी! सुमंत मुळगावकरांची रीत इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटरीला लागू पडेल?

पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणारी टाटांची ‘नेक्सॉन ईव्ही’ जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. त्याच महिन्यात बजाजची ‘चेतक’ विजेवर धावू लागली. तेव्हापासून पुणे आणि परिसर देशातल्या इलेक्ट्रिक वाहनांचे एक मोठे केंद्र बनले आहे. मात्र या गाड्यांच्या किमतीत ज्या बॅटरीचा वाटा सर्वांत मोठा असतो, तिच्यातले सेल आजही बहुतांशी परदेशातून येतात. ७० वर्षांपूर्वी भारतीय ट्रकची अवस्था अशीच होती. त्या परावलंबनातून टाटांच्या ट्रकला बाहेर काढणारा आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर वाहन उद्योगाचा पाया घालणारा अभियंता म्हणजे सुमंत मुळगावकर. त्यांनी हे कसे साधले आणि बॅटरीच्या बाबतीत त्यांचा मार्ग किती उपयोगी पडेल, याचा हा आढावा.

सुमंत मुळगावकर कोण होते?

सुमंत मुळगावकर यांचा जन्म ५ मार्च १९०६ चा. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. भारतात परतल्यावर ते सिमेंट उद्योगात शिरले आणि एसीसी कंपनीत त्यांनी नाव कमावले. पुढे चार दशके त्यांनी टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, घडवली. त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाची चळवळ देशात रुजवण्यासाठी मोठे काम केले. १९९४ मध्ये टाटांनी ‘सुमो’ ही गाडी आणली, तेव्हा ते नाव जपानी कुस्तीवरून घेतले असावे असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात सुमंत मधला ‘सु’ आणि मुळगावकर मधला ‘मो’ (इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे) घेऊन ते तयार झाले होते. गावोगावच्या रस्त्यांवर हे नाव वर्षानुवर्षे फिरत राहिले, पण त्यामागचा माणूस फारसा कोणाला ठाऊक झाला नाही.

युद्धकाळाने त्यांना काय शिकवले?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून यंत्रसामग्री येणे जवळपास बंद झाले. तोवर भारतात सिमेंटचा कारखाना उभारायचा म्हणजे भट्टीपासून दळणयंत्रापर्यंत सारे काही युरोपातून मागवायचे, अशी पद्धत होती. मुळगावकरांनी ही यंत्रे इथेच तयार करण्याचे काम हाती घेतले. सिमेंट बनवणे आणि सिमेंट बनवणारे यंत्र बनवणे या दोन कौशल्यांमध्ये मोठे अंतर असते. पहिले कौशल्य विकत घेता येते, दुसरे अंगी मुरवावे लागते. बंदर बंद पडले, जहाज आले नाही किंवा विकणाऱ्याने हात आखडता घेतला, की केवळ पहिल्यावर विसंबलेला कारखाना थांबतो. या अनुभवाचा ठसा त्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयावर दिसतो.

टेल्कोत आल्यावर काय बदलले?

टेल्कोची स्थापना १९४५ ची. जमशेदपूरला वाफेची रेल्वे इंजिने बनवणे, हे तिचे सुरुवातीचे काम. जे. आर. डी. टाटा यांनी १९४९ मध्ये मुळगावकरांना या कंपनीत आणले. वाफेच्या इंजिनांना फार भवितव्य नाही आणि त्यांचा ग्राहकही एकच, तो म्हणजे रेल्वे, हे उघड होते. त्यामुळे कंपनी ट्रककडे वळली. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी १५ वर्षांचा करार झाला आणि सहा महिन्यांच्या आत पहिला ट्रक बाहेर पडला.

सहा महिन्यांत ट्रक निघाला, याचा अर्थ त्यातले बरेचसे सुटे भाग जर्मनीहून आले होते. इथे त्यांची जोडणी झाली. ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा होता. अनेक कंपन्या याच टप्प्यावर समाधानी राहिल्या असत्या, कारण मागणी भरपूर होती आणि परवान्यांच्या त्या काळात स्पर्धा बेताची होती. मुळगावकरांनी मात्र कराराची १५ वर्षे म्हणजे शिकण्याची मुदत मानली. एकेक सुटा भाग देशात बनू लागला. १९५९ मध्ये जमशेदपूरला संशोधन केंद्र सुरू झाले. करार संपायला तीन वर्षे असताना, म्हणजे १९६६ मध्ये, पुण्यात इंजिनीअरिंग रिसर्च सेंटर उभे राहिले.

पुण्यातून पहिला ट्रक निघायला ११ वर्षे का लागली?

पुण्याचा कारखाना १९६६ मध्ये स्थापन झाला. पिंपरीला सुमारे ८०० एकर आणि चिंचवडला सुमारे १३० एकर, एवढा त्याचा पसारा. मात्र पुण्यात तयार झालेले पहिले व्यावसायिक वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. मधल्या काळात मुळगावकरांनी इथे प्रामुख्याने हत्यारे घडवली.

ट्रकचा दरवाजा किंवा बॉनेट बनवायचे तर पोलादी पत्रा प्रचंड दाबयंत्राखाली ठेवून त्याला आकार द्यावा लागतो. तो आकार देणारा साचा म्हणजे डाय. इंजिनाचे भाग नेमक्या मापात कापायला खास यंत्रे लागतात आणि तो भाग जागेवर घट्ट धरून ठेवायला जिग आणि फिक्श्चर लागतात. ही सामग्री परदेशातून आणली, तर गाडीच्या आकारात साधा बदल करायलाही परदेशी कंपनीचे दार ठोठावावे लागते. ती स्वतः घडवता आली, तर नवे मॉडेल काढणे आपल्या हातात राहते. म्हणून पुण्यात यंत्रे आणि साचे बनवणारा उत्पादन अभियांत्रिकी विभाग आधी वाढला, ट्रकची बांधणी नंतर आली. भारतीय उपखंडातल्या सर्वांत कुशल टूलरूमपैकी एक म्हणून या विभागाचा लौकिक झाला.

माणसे कशी घडवली?

साचा घडवणारा कारागीर सहा महिन्यांत तयार होत नाही. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग हाताला आणि डोळ्याला कळू लागण्यासाठी काही वर्षे द्यावी लागतात. त्यामुळे शिकाऊ उमेदवारांच्या प्रशिक्षणावर पुण्यात सुरुवातीपासून भर राहिला. पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांतून आलेल्या, यंत्राशी कधीही संबंध न आलेल्या घरांमधली मुले इथे फिटर, टर्नर, टूलमेकर झाली. त्यातल्या अनेकांनी पुढे भोसरी-चिंचवडला स्वतःचे लहान कारखाने काढले. पुण्याच्या परिसरात आज सुट्या भागांच्या लहान-मोठ्या कारखान्यांचे जे जाळे दिसते, त्याची मुळे अशा कार्यशाळांमध्ये आहेत.

मुळगावकर दुपारच्या जेवणाला अनेकदा कार्यालयातून गायब होत आणि महामार्गावरच्या ढाब्यावर ट्रकचालकांसोबत बसून गाडीच्या तक्रारी ऐकत, असा किस्सा उद्योगजगतात नेहमी सांगितला जातो. कारखान्याच्या उजाड, खडकाळ जमिनीवर त्यांनी हजारो झाडे लावून घेतली आणि तळे तयार करवले. तिथे पक्षी येऊ लागले. ‘सुमंत सरोवर’ म्हणून ते तळे ओळखले जाते.

या चित्रात उणिवाही होत्या. १९७४ मध्ये टेल्कोच्या अभियंता भरतीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये, असे नमूद केले होते. बेंगळूरुच्या एका विद्यार्थिनीने थेट जेआरडींना पोस्टकार्ड पाठवून त्याला आक्षेप घेतला. तिला पुण्याला मुलाखतीसाठी बोलावले गेले आणि ती टेल्कोच्या कारखान्यातली पहिली महिला अभियंता ठरली. त्या म्हणजे सुधा मूर्ती. माणसे घडवणाऱ्या या कारखान्याला निम्म्या समाजाची आठवण एका पोस्टकार्डाने करून द्यावी लागली.

खरी परीक्षा कधी झाली?

पहिली परीक्षा १९६९ मध्ये झाली. जर्मन कंपनीशी असलेला करार संपला, ट्रकवरचा तारा गेला आणि ‘टी’ हे अक्षर आले. ट्रकचे उत्पादन थांबले नाही. ग्राहकही टिकून राहिला.

दुसरी परीक्षा अधिक अवघड होती. १९८० च्या दशकात सरकारने हलक्या व्यावसायिक वाहनांसाठी जपानी कंपन्यांशी भागीदारीला वाट मोकळी केली. टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्यांचे तंत्रज्ञान भारतीय भागीदारांमार्फत बाजारात उतरले. टेल्कोने कोणाचाही हात न धरता १९८६ मध्ये स्वतः आखलेला ‘टाटा ४०७’ आणला. भारतीय रस्ते, इथला भार आणि इथल्या गाडीमालकाचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या या छोट्या ट्रकने जपानी स्पर्धकांना मागे टाकले. भाजीपाल्यापासून घरसामानापर्यंत सारे वाहणारा ४०७ आजही रस्त्यावर दिसतो. पुण्यातल्या टूलरूमवर आणि संशोधन केंद्रावर २० वर्षे केलेला खर्च इथे वसूल झाला.

१९८८ च्या अखेरीस मुळगावकरांनी अध्यक्षपद रतन टाटा यांच्याकडे सोपवले. १ जुलै १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या सुमारास पुण्याच्या कारखान्यात व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्यातला संघर्ष टोकाला गेला होता. सप्टेंबर १९८९ मध्ये कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण केले. हत्यारांवर आणि प्रशिक्षणावर उभ्या राहिलेल्या या कारखान्यालाही कामगारांशी असलेले नाते पुन्हा जुळवून घ्यावे लागले.

याचा इलेक्ट्रिक मोटारीशी संबंध काय?

पेट्रोल मोटारीचा जीव तिच्या इंजिनात असतो, तर इलेक्ट्रिक मोटारीचा बॅटरीत. गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा साधारण एक-तृतीयांश ते ४० टक्के असतो. या बॅटरीचे दोन भाग समजून घ्यायला हवेत. एक म्हणजे सेल, जिथे वीज रासायनिक रूपात साठते. दुसरा म्हणजे पॅक. शेकडो सेल एकत्र जोडून, त्यांना थंड ठेवणारी व्यवस्था आणि नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून तो तयार होतो.

पॅक बनवण्याचे कौशल्य भारताने बऱ्यापैकी आत्मसात केले आहे. पुण्यात मुख्यालय असलेली टाटा ऑटोकॉम्प ही कंपनी चिनी भागीदारासोबत असे पॅक तयार करते. सेल मात्र बाहेरून येतात. जगातील सुमारे तीन-चतुर्थांश सेल एकट्या चीनमध्ये बनतात. म्हणजे १९५४ मध्ये जर्मनीहून आलेले भाग जोडून ट्रक निघाला, तसे आज परदेशी सेल जोडून मोटार निघते आहे.

सेल बनवणे इतके अवघड का?

लिथियम-आयन सेलमध्ये दोन टोके असतात. चार्जिंग करताना लिथियमचे कण एका टोकातून निघून ग्राफाइटच्या टोकात जाऊन बसतात, गाडी चालताना ते परत फिरतात. तत्त्व सोपे आहे. उत्पादन कठीण आहे. रासायनिक भुकटीचा लगदा तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्यांवर सारख्या जाडीने लावायचा, वाळवायचा, दाबायचा, कापायचा आणि गुंडाळायचा. पुढची जुळणी आणि द्रावण भरण्याचे काम जवळपास शून्य आर्द्रतेच्या खोलीत करायचे. शेवटी पहिले चार्जिंग अतिशय सावकाश द्यायचे. कुठेही धातूचा सूक्ष्म कण शिरला किंवा थर कमी-जास्त झाला, तर सेल लवकर निकामी होतो, प्रसंगी पेटतो.

हे काम करणारी यंत्रे मुख्यतः चीन, कोरिया आणि जपानमध्ये बनतात. साचे आणि यंत्रे घडवता येण्यावर मुळगावकरांनी दिलेला भर इथे आठवतो. सेलचा कारखाना विकत घेता येईल, पण लेप लावणारे यंत्र बिघडले, सूत्र बदलायचे झाले किंवा नवी रसायने आली, तर कोणाकडे धाव घ्यायची हा प्रश्न उरतोच. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. तेव्हा इलेक्ट्रिक वाहनांच्या मोटारींसाठी ही चुंबके लागत असल्याने भारतीय कंपन्यांची चिंता वाढली. युद्धकाळात सिमेंटच्या यंत्रांबाबत जे घडले, तेच वेगळ्या रूपात पुन्हा समोर आले.

बॅटरीचे तंत्रज्ञान कुठे चालले आहे?

स्कूटर-मोटारीत वर्षानुवर्षे वापरली जाणारी शिसे-आम्लाची बॅटरी दर किलो वजनामागे साधारण ३० ते ४० वॅट-तास वीज साठवते. लिथियम-आयन सेलची क्षमता साधारण १५० ते २५० वॅट-तास किंवा त्याहून अधिक असते. पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी होती. तेवढी वीज शिशाच्या बॅटरीत साठवायची तर तिचे वजन पाऊण ते एक टन भरले असते.

किमतीतला बदल त्याहून मोठा आहे. बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये दर किलोवॅट-तासाला एक हजार डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला, तर ३० किलोवॅट-तासांच्या पॅकची किंमत २५ लाख रुपयांहून सुमारे तीन लाखांवर उतरली, असा त्याचा अर्थ होतो.

रसायनेही बदलत आहेत. लोह आणि फॉस्फेट वापरणारे एलएफपी सेल थोडे जड असतात, पण त्यात महागडे कोबाल्ट आणि निकेल लागत नाही आणि ते उष्णता अधिक चांगली सोसतात. भारतातल्या अनेक मोटारींत आज हेच असतात. द्रावणाऐवजी घन पदार्थ वापरणारे सॉलिड-स्टेट सेल मोठ्या प्रमाणावर बाजारात यायचे आहेत. सोडियम-आयन सेलमध्ये लिथियमऐवजी सोडियम असते, जे मिठातही सापडते. ते वजनाला जड पडतात, मात्र कच्च्या मालासाठी परदेशावर विसंबण्याची गरज कमी होते.

पुण्याच्या हाती काय आहे?

ज्ञानाची बाजू भक्कम आहे. पुण्यातील केपीआयटी या कंपनीने आयसर पुणे संस्थेसोबत विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट या संस्थांमध्ये बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन चालते. १९६६ मध्येच स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहनांची आणि बॅटरीची चाचणी घेते. मार्च २०२२ मध्ये लोहगाव भागात पेटलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरची चित्रफीत देशभर पाहिली गेली. अशा घटनांनंतर बॅटरी सुरक्षेचे निकष कडक झाले.

उत्पादनाची बाजू लंगडी आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये प्रगत सेलच्या निर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. ५० गिगावॅट-तास क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले, पण काम वेळापत्रकाच्या बरेच मागे पडले. टाटा समूहाच्या ‘अग्रतास’ कंपनीचा २० गिगावॅट-तासांचा सेल कारखाना गुजरातमधील साणंदसाठी ठरला. म्हणजे पुण्यात मोटार बनेल, पण तिचा सर्वांत महाग भाग अन्य ठिकाणाहून येईल. पिस्टन, गिअर, सायलेन्सर अशा इंजिनाशी निगडित भागांवर जगणाऱ्या भोसरी-चाकणच्या लहान उद्योगांसाठी ही काळजीची बाब आहे, कारण इलेक्ट्रिक मोटारीत हे भाग एक तर लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात.

मुळगावकरांचा मार्ग आज चालेल?

जसाच्या तसा चालणे कठीण आहे. पहिला ट्रक निघण्यासाठी ११ वर्षे थांबण्याची मुभा त्यांना मिळाली, कारण परवाना पद्धतीमुळे स्पर्धा मर्यादित होती आणि ट्रकचे तंत्रज्ञान संथपणे बदलत होते. आज एका रसायनासाठी कारखाना उभारून होईपर्यंत दुसरे स्वस्त होऊन पुढे गेलेले असते. आयात सेलचा भावही सतत उतरतो आहे.

मात्र त्यांच्या पद्धतीतला क्रम आजही उपयोगी आहे. परदेशी भागीदार घ्यावा, पण कराराची मुदत शिकण्यासाठी वापरावी. करार संपण्याआधी आपले संशोधन केंद्र उभे असावे. सेलसोबत सेल बनवणारी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे तयार व्हावीत. पुण्याकडे टूलरूमची परंपरा आहे, अचूक मापाचे काम करणारे हजारो हात आहेत आणि प्रयोगशाळाही आहेत. इंजिनाचे काम कमी होत जाईल, तसे हेच हात लेप लावणारी, कापणारी, गुंडाळणारी यंत्रे घडवू शकतात. प्रयोगशाळेतले सूत्र आणि कार्यशाळेतले कसब यांची गाठ घालून द्यायला एखादी कंपनी किंवा संस्था दीर्घकाळ पैसा आणि धीर घेऊन उभी राहते का, यावर पुण्यात पुढच्या २० वर्षांत इलेक्ट्रिक मोटारी घडतील की फक्त जोडल्या जातील, हे ठरणार आहे.